शस्त्रक्रियेनंतरचा सव्वा महिना

नाशिकच्या अशोकस्तंभापासून निघून आनंदवल्ली आणि सोमेश्वर मागे टाकीत धरणाकडे जाणारा गंगापूर रोड हा जितका विद्यालयांचा, तितकाच दवाखान्यांचा रस्ता झाला आहे. जिल्ह्याच्या पश्चिम पट्ट्यातील पेठ, हरसूल, त्र्यंबकेश्वर या बाजूची माणसे पोटाचे दुखणे घेऊन येथवर येतात. सातपूरच्या कारखान्यांतील कामगार येतात, आणि याच रस्त्यावरील वसाहतींत राहणारा सुखवस्तू मध्यमवर्गही येथेच येतो. या सर्वांत अंडाशयावरील गाठीचे निदान झालेल्या स्त्रिया नित्य असतात. गाठ काढली जाते, क्वचित एक अंडाशयही काढावा लागतो, दोन-चार दिवसांत रुग्णाला घरी सोडले जाते, आणि नातेवाईक ‘ऑपरेशन चांगले झाले’ असे सांगत पेढे वाटतात. वैद्यकशास्त्राच्या दृष्टीने ते विधान बहुधा खरेच असते. अर्थशास्त्राच्या दृष्टीने मात्र खर्चाची खरी वही त्या दिवशी कोठे उघडली जाते.

अंडाशयावरील गाठ म्हणजे कर्करोग, ही समजूत सर्वत्र नसली तरी पुष्कळ घरांत आहे, म्हणून प्रथम थोडे वैद्यकीय सत्य सांगणे अगत्याचे आहे. पाळी चालू असलेल्या वयातील बहुसंख्य गाठी निरुपद्रवी असतात. मासिक चक्राच्या ओघात तयार होणारी पाण्याची गाठ अनेकदा दोन-तीन महिन्यांत आपोआप विरून जाते. तिच्यासाठी सुरी लागत नाही, काही आठवड्यांनी पुन्हा सोनोग्राफी करण्याचा धीर लागतो. गाठ मोठी असेल, टिकून राहिली असेल, तिच्यात केस-चरबीसारखा घट्ट भाग असेल, ती पीळ खाऊन अंडाशयाचा रक्तपुरवठा तोडीत असेल, किंवा तिच्या स्वरूपाविषयी शंका असेल, तर मात्र शस्त्रक्रिया टाळणे शहाणपणाचे नाही. पाळी थांबल्यानंतरच्या वयात आढळलेल्या गाठीकडे तर अधिकच सावधपणे पाहावे लागते. एक अंडाशय काढला तरी दुसरा निरोगी असल्यास पाळी चालू राहते आणि मातृत्वाची शक्यताही राहते. दोन्ही काढले, आणि तेही ऐन चाळिशीच्या आत, तर शरीरावर रजोनिवृत्ती एका रात्रीत कोसळते: अंगाची लाही होणे, झोप उडणे, पुढे हाडे ठिसूळ होणे, हृदयविकाराचा धोका वाढणे. असा निर्णय घेताना पुढील वर्षांतील औषधोपचारांचा विचार आधीच व्हावा लागतो.

या शस्त्रक्रियेचा इतिहासही विश्रांतीच्या प्रश्नापासूनच सुरू होतो. अमेरिकेतील केंटकी राज्यात डॅनव्हिल या गावी २५ डिसेंबर १८०९ रोजी डॉ. इफ्रेम मॅकडॉवेल यांनी जेन टॉड क्रॉफर्ड या स्त्रीच्या अंडाशयावरील सुमारे दहा किलो वजनाची गाठ काढली. भूल देण्याचे शास्त्र तेव्हा अस्तित्वात नव्हते. सुमारे पंचवीस मिनिटे ही बाई शुद्धीवर राहून सारे सोसत होती. शस्त्रक्रियेसाठी ती साठ मैल घोड्यावरून आली होती. पाचव्या दिवशी डॉक्टर पाहावयास गेले, तो ही रुग्ण उठून स्वतःचे अंथरूण आवरीत असलेली त्यांना दिसली. त्यांनी तिला पडून राहण्यास बजावले. पंचविसाव्या दिवशी ती घरी परतली आणि त्यानंतर तीन दशकांहून अधिक काळ जगली. वैद्यकाच्या ग्रंथांत ही कथा शल्यविशारदाच्या धैर्याची म्हणून सांगितली जाते. तथापि पाचव्या दिवशीचे ते अंथरूण विसरता येत नाही. दोन शतके लोटली, भूल आली, प्रतिजैविके आली, दुर्बिणीची शस्त्रक्रिया आली. पण पाचव्या दिवशी उठून घर आवरणारी बाई बदललेली नाही. बदलला असेल तर एवढाच भाग, की तिला पडून राहा म्हणून बजावणारा डॉक्टर घरी येत नाही.

आता घरी पोचलेल्या रुग्णाला प्रत्यक्षात काय लागते ते पाहू. दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झाली असेल तर पोटावर एक-दीड सेंटीमीटरचे तीन-चार छेद असतात. पोटात भरलेल्या वायूमुळे पहिले काही दिवस खांदाही दुखतो, आणि ‘पोटाचे ऑपरेशन, दुखतो मात्र खांदा’ म्हणून घरची माणसे घाबरतात. बैठे काम असणारी स्त्री अशा शस्त्रक्रियेनंतर साधारण दोन आठवड्यांनी कामावर जाऊ शकते. पोट उघडून शस्त्रक्रिया झाली असेल तर हाच काळ सुमारे सहा आठवड्यांचा होतो. याचे कारण साधे आहे. वरची कातडी आठवडा-दहा दिवसांत जुळते, पण तिच्याखालील थर बळकट होण्यास त्याहून पुष्कळ अधिक वेळ लागतो. टाके सुकले म्हणजे पोट भरून आले असे नव्हे. त्या अवधीत जड ओझे उचलले तर जखमेवर ताण पडतो आणि पुढे तेथे हर्निया होण्याची भीती राहते. मात्र विश्रांती म्हणजे निश्चल पडून राहणेही नव्हे. पायांतील शिरांत रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पहिल्याच दिवसापासून थोडे थोडे चालणे आवश्यक असते. ताप येणे, जखमेतून स्राव होणे, पोटाचे दुखणे कमी होण्याऐवजी वाढणे, सतत उलट्या, एका पोटरीला सूज किंवा धाप लागणे, यांपैकी काहीही झाले तर पुढील तपासणीच्या तारखेची वाट न पाहता दवाखाना गाठला पाहिजे.

हा सल्ला ऐकावयास सोपा आहे. परंतु ‘जड उचलू नका’ हे तीन शब्द गंगापूर रोडच्या एका टोकाला एक अर्थ घेऊन येतात आणि दुसऱ्या टोकाला दुसरा. पंधरा लिटरचा हंडा म्हणजे पंधरा किलो पाणी, भांड्याचे वजन वेगळे. ज्या घरी नळ ओट्यापर्यंत आला आहे तेथे हा हंडा आठवणीत जमा झाला. ज्या पाड्यावर विहीर उतारावर आहे तेथे तो रोज सकाळी डोक्यावर असतो. दळणाचा डबा, कपड्यांची बादली, कडेवरचे मूल, यांना डॉक्टरांच्या कागदावर जागा नसते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालविनियोग पाहणीनुसार घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्चतात आणि त्यात हातभार लावणारे पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या पाहणीत हेच आकडे अनुक्रमे २९९ आणि ९७ होते. म्हणजे स्त्रियांची दहा मिनिटे कमी झाली, तशी पुरुषांची नऊ मिनिटेही कमी झाली. या पावणेपाच-पाच तासांचे मोल राष्ट्रीय उत्पन्नात धरले जात नाही. त्यामुळे ते तास बंद पडले तर ‘नुकसान’ झाल्याचीही नोंद होत नाही. नोंद होत नसली तरी ते काम थांबत नाही. ते सासूकडे, थोरल्या मुलीकडे, नाही तर दहाव्या दिवशी पुन्हा त्याच स्त्रीकडे जाते.

आपल्या समाजाला स्त्रीच्या विश्रांतीची कल्पनाच नाही असे म्हणणे अन्यायाचे होईल. बाळंतिणीला सव्वा महिना देण्याची रीत मराठी घरांत पिढ्यान्पिढ्या चालत आली आहे. शेक-शेगडी, डिंकाचे आणि अळिवाचे लाडू, माहेरची माया, पाण्यात हात न घालणे, हे सारे नियम गरिबाघरीसुद्धा ऐपतीप्रमाणे पाळले जातात. सव्वा महिना म्हणजे सुमारे चाळीस दिवस. पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर लागणारा काळ जवळजवळ तेवढाच आहे. पण बाळंतपणाच्या शेवटी घरात पाळणा हलतो; अंडाशयाच्या शस्त्रक्रियेनंतर घरात दाखविण्याजोगे काही येत नाही. उलट काहीतरी काढून आलेल्या बाईकडे, विशेषतः ती अपत्यहीन असेल तर, साशंक नजरेने पाहिले जाते. विश्रांती स्त्रीच्या शरीराला दिलेली नसून तिच्या कुशीतील वारसाला दिलेली आहे, असा या रीतीचा अर्थ कोणी काढला तर त्याला काय उत्तर द्यावे?

कायद्याचीही दृष्टी याहून फारशी वेगळी नाही. १९६१ च्या प्रसूती लाभ कायद्याने गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि स्त्रीनसबंदीनंतर दोन आठवड्यांची सवेतन रजा दिली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही याच तरतुदी उतरल्या आहेत. या तरतुदींत अंडाशयाच्या आजाराला स्थान नाही. कामगार राज्य विम्याचा लाभ असलेल्या स्त्रीची अवस्था त्यातल्या त्यात बरी. सातपूरच्या कारखान्यात नियमित नोंद असलेल्या कामगार स्त्रीला आजारपणात वर्षाला ९१ दिवसांपर्यंत वेतनाच्या ७० टक्के दराने भत्ता मिळू शकतो. पण त्यासाठी सहा महिन्यांच्या अंशदान-कालात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असावी लागते, आणि कंत्राटदाराच्या वहीत नाव येत-जात असलेल्या स्त्रीला ही अट गाठणे कठीण होते. याच योजनेत नसबंदी करून घेणाऱ्या स्त्रीला १४ दिवस पूर्ण वेतन मिळते. पोट तेच, टाके तेच. कारण लोकसंख्यानियंत्रणाचे असेल तर शंभर टक्के आणि स्त्रीच्या स्वतःच्या आरोग्याचे असेल तर सत्तर! केरळच्या सेवानियमांनी गर्भाशय काढलेल्या महिला कर्मचाऱ्यांना ४५ दिवसांची विशेष रजा दिली, हे त्या राज्यास भूषणावह आहे. परंतु ती सोय सरकारी नोकरीतील मूठभर स्त्रियांपुरती आहे.

उरल्या त्या, ज्यांना कोणतीच रजा नाही. गंगापूर रोड धरणाच्या बाजूने पुढे गिरणाऱ्याकडे जातो. तेथे द्राक्षबागांच्या हंगामात मजुरांचा बाजार भरतो आणि आदिवासी पाड्यांवरून आलेली कुटुंबे तेथून बागाईतदारांच्या कामावर जातात. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, त्यानंतरची विरळणी, मग काढणी: बागेचे वेळापत्रक कोणाच्या शस्त्रक्रियेसाठी थांबत नाही. ऑक्टोबरात पोट उघडलेल्या बाईचे सहा आठवडे म्हणजे तिच्या वर्षाच्या कमाईतील सर्वांत मोलाचे सहा आठवडे. रुग्णालयाचे बिल महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून भागले असे धरले, तरी मजुरीचे बिल तिचे तिलाच भरावे लागते. सरकार सुरीचे पैसे देते, भरून येण्याचे देत नाही. आणि ज्याचे पैसे मिळत नाहीत ती गोष्ट गरीब माणूस आधी सोडतो. म्हणून विश्रांती सोडली जाते. पुढील तपासणी सोडली जाते. काढलेल्या गाठीचा प्रयोगशाळेचा अहवाल आणण्यासाठी पुन्हा शहरात यायचे म्हणजे गाडीभाडे आणि एक दिवसाची मजुरी. तोही सोडला जाण्याची भीती असते. वस्तुतः गाठ साधी होती की नाही याचे अंतिम उत्तर त्याच कागदावर असते.

या उणिवेची परिणती कोठवर जाते ते बीड जिल्ह्याने महाराष्ट्राला दाखविले आहे. ऊसतोडणीच्या व्यवहारात नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक ‘कोयता’. हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घ्यायची आणि ती तोडणीतून फेडायची. एक दिवस काम चुकले की ‘खाडा’, आणि खाड्याचा दंड. पाळीच्या तक्रारी, अंगावरून जाणे, पोटदुखी यांसाठी या हिशेबात जागाच नाही. जून २०१९ मध्ये विधान परिषदेत मिळालेल्या माहितीने आणि त्यानंतर डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीच्या कामातून जे चित्र पुढे आले ते सुन्न करणारे होते. जिल्ह्यातील ८२ हजार ३०९ ऊसतोड स्त्रियांच्या पाहणीत १३ हजार ८६१ स्त्रियांचे गर्भाशय काढलेले आढळले. म्हणजे सहांमागे एक. २०१५-१६ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत देशभरातील हे प्रमाण ३.२ टक्के होते. दोन्ही पाहण्यांची रीत वेगळी असली तरी अंतर दुर्लक्षिण्याजोगे खासच नाही. डॉक्टरांच्या लोभावर त्या वेळी पुष्कळ लिहिले गेले, ते योग्यच झाले. सर्वोच्च न्यायालयानेही एप्रिल २०२३ मध्ये, अनावश्यक गर्भाशय-शस्त्रक्रियांना आळा घालणारी केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे तीन महिन्यांत स्वीकारण्याचे आदेश राज्यांना दिले. परंतु मागणीची बाजू कोणी तपासली? जिला आजारपणाचे चार दिवस परवडत नाहीत, तिला आजार होणारा अवयवच काढून टाकणे स्वस्त वाटू लागते. विश्रांतीची किंमत इतकी चढली की शरीराचा भाग तिच्यापुढे कवडीमोल झाला. आणि त्या शस्त्रक्रियेनंतरही विश्रांती मिळत नाही ती नाहीच. उचल फिटावयाची असते.

हे चित्र गर्भाशयाचे आहे, अंडाशयाचे नव्हे, असा आक्षेप येईल. पण तर्क एकच आहे. विरून जाणाऱ्या साध्या गाठीसाठी तीन महिने वाट पाहणे हा वैद्यकीयदृष्ट्या शहाणा निर्णय असतो. त्या तीन महिन्यांत दोन वेळा सोनोग्राफीसाठी खाडा करणे जिला शक्य नाही, ती ‘एकदाच काय ते काढून टाका’ म्हणणार. घाईची शस्त्रक्रिया आणि घाईची उठबस ही एकाच दारिद्र्याची दोन अपत्ये आहेत.

यावर उपाय नवा शोधावयाचा नाही. बुडालेल्या मजुरीची भरपाई हे तत्त्व भारत सरकारने केव्हाच मान्य केले आहे: नसबंदी करून घेणाऱ्यांना बुडालेल्या मजुरीपोटी रक्कम देण्याची केंद्राची योजना १९८१ पासूनची आहे. क्षयरुग्णांना उपचारकाळात पोषणासाठी दरमहा रक्कम देण्यास २०१८ मध्ये आरंभ झाला. आंध्र प्रदेशाने तर डिसेंबर २०१९ मध्ये नेमकी हीच गोष्ट केली. आरोग्य योजनेखाली शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णास विश्रांतीच्या काळात दिवसाला २२५ रुपये, महिन्याला कमाल ५ हजार, थेट खात्यात देण्याची योजना त्या राज्याने सुरू केली. रक्कम मोठी नव्हती. पण विश्रांती हा उपचाराचाच भाग आहे आणि उपचाराचा खर्च सरकारने उचलला असेल तर हाही उचलला पाहिजे, हे सूत्र तिने प्रथमच व्यवहारात आणले. महाराष्ट्रात रोजगार हमीचा कायदा देशात सर्वांआधी झाला. कामाचा हक्क ज्याने मानला, त्या राज्याने काम करता न येण्याच्या सहा आठवड्यांचा विचार करू नये, हे त्याच्या परंपरेस शोभत नाही.

अशा भत्त्याच्या आशेने अनावश्यक शस्त्रक्रिया वाढतील, ही शंका रास्त आहे आणि बीडनंतर ती झटकून टाकता येणार नाही. त्यासाठी भत्ता शस्त्रक्रियेपूर्वीच्या सोनोग्राफीशी आणि नंतरच्या प्रयोगशाळेच्या अहवालाशी जोडावा. जेथे गाठ थांबून पाहण्याजोगी असेल तेथे त्या तपासणीच्या दिवसांचीही मजुरी द्यावी, म्हणजे वाट पाहणे हे काढून टाकण्यापेक्षा महाग पडणार नाही. अहवाल आणल्यावर शेवटचा हप्ता मिळेल अशी रचना केली तर आज सोडला जाणारा तो कागदही रुग्णाच्या हाती पडेल. रक्कम स्त्रीच्या स्वतःच्या खात्यात जावी, हे सांगावयास नकोच. खासगी विम्याचाही विचार व्हावा: २०२० साली आलेल्या प्रमाणित ‘आरोग्य संजीवनी’ विमापत्रात गाठींच्या आणि गर्भाशयाच्या शस्त्रक्रियांना पहिली दोन वर्षे संरक्षण नव्हते, आणि त्यानंतर मिळणारे संरक्षणही इस्पितळाच्या खर्चापुरते होते, बुडालेल्या पगाराचे नव्हते.

घरातील सव्वा महिना मात्र कोणत्याही शासननिर्णयाने येणार नाही. बाळंतपणाची रीत ज्या सासूला आणि ज्या नवऱ्याला ठाऊक आहे, त्यांना नवीन काही शिकावयाचे नाही. तीच रीत टाक्यांच्या पोटाला लावावयाची आहे. हंडा नवऱ्याने भरावा, दळण मुलाने आणावे, आणि दहाव्या दिवशी ओट्यापाशी उभ्या राहिलेल्या सुनेचे ‘कामाची आहे’ म्हणून कौतुक करू नये.

भत्त्याचा निर्णय मुंबईत मंत्रालयात व्हावयाचा आहे, आणि त्याला लागेल तो वेळ लागेल. परंतु घरी सोडताना दिल्या जाणाऱ्या कार्डावर, औषधांच्या इंग्रजी नावांखाली, मराठीत दोन ओळी लिहिता येतात: ही स्त्री अमुक तारखेपर्यंत पाणी भरणार नाही, ओझे उचलणार नाही, बागेत किंवा कारखान्यात उभ्याचे काम करणार नाही, आणि गाठीचा अहवाल अमुक दिवशी न्यावयाचा आहे. डॉक्टरांच्या सहीने लिहिलेली ती तारीख मुकादम, बागाईतदार आणि सासू या तिघांपुढेही ठेवता येते. गंगापूर रोडवरील दवाखान्यांना त्यासाठी कोणाच्या आदेशाची वाट पाहण्याचे कारण नाही.